एक पैसा, पण कशासाठी?
(वर्गणीच्या आवाहनांचा थोडा इतिहास)



आपल्या स्मरणिकेत आजवर कुलदैवते, गोत्रे, ज्ञातीतील थोर पुरुष इत्यादी विषयांवर जाणत्या मंडळींनी विपुल लेखन केले आहे. प्रस्तुत लेखक विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन, ट्रेनिंगचा दाखला घेऊन, नाशिक जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत आयुष्यभर खडू झिजविलेला तो एक शाळामास्तर आहे. तथापि शिक्षकाच्या नशिबी एक काम हमखास येते, ते म्हणजे वर्गणी मागण्याचे. शाळेचे पत्रे उडाले, वाचनालयाला कपाट हवे झाले, की गावकरी मास्तरांच्या हाती पावतीपुस्तक देतात. त्या अनुभवाच्या आधारे, मराठी मुलखात सार्वजनिक कार्यासाठी पैसा कसा मागितला गेला आणि लोकांनी तो का दिला, याचा थोडा विचार करण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम माझ्या चुकीची कबुली देतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विद्यार्थी वसतिगृहाच्या मदतीसाठी विनंतीपत्रक लिहिण्याची कामगिरी मजकडे आली. मी मोठ्या हौसेने चार पाने लिहिली. पहिल्या पानावर विद्यादानाचे माहात्म्य, दुसऱ्यावर संस्थेचा पूर्वेतिहास, तिसऱ्यावर पदाधिकाऱ्यांची स्तुती आणि चौथ्याच्या अखेरीस ‘यथाशक्ती साहाय्य करावे’ अशी विनंती. पत्रक घेऊन पंचवटीतील एका वृद्ध आजीबाईंकडे गेलो. त्यांनी ते नातीकडून पूर्ण वाचवून घेतले आणि विचारले, “गुरुजी, फार छान लिहिलंय. पण द्यायचे किती, आणि कशासाठी?” मजपाशी उत्तर नव्हते. खाटा घ्यावयाच्या की छप्पर दुरुस्त करावयाचे, हे समितीनेच ठरविले नव्हते. त्या वर्षी जमलेली रक्कम सांगण्याजोगी नाही.

आजीबाईंच्या त्या दोन प्रश्नांची उत्तरे ज्यांनी आधीच देऊन ठेवली होती, अशी माणसे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. त्यांत अग्रभागी नाव येते ते अंताजी दामोदर काळे यांचे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी ‘पैसा फंडा’ची कल्पना लोकांपुढे मांडली. प्रत्येकाने वर्षाकाठी एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योगधंद्यांस चालना द्यावी, इतकीच ती कल्पना. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. शाळेतील गणिताप्रमाणे पाहता, एक लाख माणसांनी एकेक पैसा दिला तर पंधराशे बासष्ट रुपये आठ आणे जमतात. एक कोटी माणसांनी दिला तर दीड लाखाहून अधिक होतात. हा हिशेब हमालालाही कळे आणि वकिलालाही कळे. निधीच्या नावातच मागणी होती. ‘किती द्यायचे?’ हा प्रश्न विचारण्याची कोणास गरजच उरली नाही.

काळे यांनी गावोगाव हिंडून या कल्पनेचा प्रसार केला. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. १९०५ नंतर स्वदेशीची चळवळ फोफावली, तेव्हा या पैशाला अधिकच अर्थ आला. पुढे १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला आणि परदेशी जाऊन काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याचे पहिले व्यवस्थापक झाले. काचेची निवड मोठी मार्मिक होती, असे मला वाटते. दिव्याची चिमणी आणि हातातील बांगडी घरोघर लागे आणि असा पुष्कळसा माल परदेशातून येई. पैसा देणाऱ्या बाईला, आपला पैसा कोठे गेला हे समजण्यास व्याख्यान ऐकावे लागत नव्हते. भट्टीतून निघालेली चिमणी तिला हाती धरून पाहता येत होती. प्रत्येक मराठी माणसाचा पैसा काही जमला नाही, हे खरे. कल्पना जितकी विशाल होती तितका निधी झाला नाही. पण कारखाना झाला, त्यात माणसे तयार झाली आणि ‘पैसा फंड’ हा शब्द भाषेत रुजला. कोकणात संगमेश्वर येथील एका शाळेच्या नावात तो आजही टिकून आहे.

दुसरे उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. १८९३ साली त्यांनी स्वतः एका विधवेशी, म्हणजे गोदूबाई ऊर्फ आनंदीबाई यांच्याशी, विवाह केला आणि विधवाविवाहाच्या चळवळीत भागही घेतला. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा लोकांच्या मनात साहजिकच शंका आली, की हा आश्रम विधवांची लग्ने लावण्यासाठी तर नाही ना? ज्या घरातून मुलगी यावयाची आणि ज्या घरातून वर्गणी यावयाची, त्या दोन्ही घरांत हीच शंका. कर्वे यांचे स्वतःचे मत सर्वांना ठाऊक होते व ते त्यांनी कधी लपविले नाही. परंतु आश्रमाचे कार्य विधवांना शिक्षण देऊन स्वतःच्या पायांवर उभे करण्याचे आहे, विवाह जुळविण्याचे नव्हे, अशी स्पष्ट रेघ त्यांनी आखली आणि दोन्ही कामे वेगळी ठेविली. मग कट्टर मंडळींपैकीही काहींना त्या रेघेच्या अलीकडे उभे राहून मदत करता आली. फर्ग्युसन कॉलेजातील अध्यापन सांभाळून सुट्ट्यांत ते वर्गणीसाठी हिंडत. आनंदीबाईही आश्रमासाठी पैसे गोळा करीत. आपले कार्य काय आहे हे सांगणे जितके आवश्यक, तितकेच ते काय नाही हे सांगणेही आवश्यक असते, हा धडा येथे मिळतो.

तिसरे उदाहरण देशव्यापी आहे. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी निवर्तले. पुढील वर्षी बेझवाडा येथे काँग्रेसच्या महासमितीने टिळक स्वराज्य फंडाचा संकल्प केला : एक कोटी रुपये, मुदत ३० जून १९२१. त्याबरोबरच एक कोटी सभासद आणि वीस लाख चरखे. रक्कम ठरलेली, तारीख ठरलेली, आणि ज्यांच्या स्मरणार्थ द्यावयाचे त्यांचे नाव प्रत्येकाच्या ओठी. मुदतीच्या आत कोटीचा आकडा ओलांडला गेला. ‘लवकरात लवकर’ असे लिहिणाऱ्या आम्हां पत्रकलेखकांनी त्या ३० जूनचे स्मरण ठेवावे.

ज्यांच्यापाशी पैसाही नव्हता, त्यांच्याकडून काय मागावे, हे कर्मवीर भाऊराव पाटलांनी दाखविले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. खेड्यातील बायांकडे त्यांनी रोख रक्कम मागितली नाही. मूठभर धान्य मागितले. दळणाच्या वेळी एक मूठ बाजूस काढावी, ही मागणी ज्या घरात नाणे खुळखुळत नव्हते त्या घरालाही परवडली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी बोर्डिंगातील मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले. मागणाऱ्याने आधी स्वतः दिले आहे, हे ज्या गावाने पाहिले, त्या गावाला निराळे विनंतीपत्रक लागत नाही.

आता आपल्या नाशिककडे वळू. मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना येथे १९१४ साली झाली. उदाजी मराठा विद्यार्थी वसतिगृहाच्या इमारतीची कोनशिला बसविण्यासाठी राजर्षी शाहू महाराज १९२० च्या एप्रिलमध्ये नाशिकला आले होते. त्यापूर्वी १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेले समाज अशा निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली होती, व त्यांमागे महाराजांचा आश्रय होता. वसतिगृह ही गोष्टच अशी आहे, की तिचा हेतू सांगण्यास दोन वाक्येही नकोत. खेड्यातील मुलाला शहरात शिकावयाचे आहे. त्याला निजण्यास जागा व दोन वेळचे जेवण हवे. आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांची पहिली शिकलेली पिढी अशाच कोणत्या तरी वसतिगृहाच्या पंगतीत जेवून पुढे आली आहे, हे आपण विसरू नये.

थोर देणगीदारांचा प्रश्न थोडा निराळा असतो. कर्वे यांच्या महिला विद्यापीठास १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांचे दान दिले आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव लाभले. मोठ्या दात्याला नाव हवे असते, आणि त्यात वावगे काही नाही. लहान दात्याला मात्र हिशेब हवा असतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यान्वये न्यासांना हिशेब तपासून घ्यावे लागतात. पण सरकारी कचेरीत दाखल झालेला ताळेबंद आजीबाईंच्या घरी पोहोचत नाही. वर सांगितलेल्या वसतिगृहाची आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. जी थोडी रक्कम जमली तिच्यातून छप्पर दुरुस्त झाले, एक पैही वाया गेली नाही. परंतु ते कोणी कोणास कळविले नाही. दुसऱ्या वर्षी मी पावतीपुस्तक घेऊन गेलो, तेव्हा आजीबाई घरात असूनही नातीने ‘बाहेर गेली आहे’ म्हणून सांगितले. मला राग आला नाही, लाज वाटली. छपराचे एक छायाचित्र आणि दोन ओळी धाडल्या असत्या, तर ते दार उघडले असते.

हे सर्व सांगण्याचे कारण असे, की नाशिकमध्ये आपल्या ज्ञातीतील मुलींसाठी वसतिगृह असावे, असा विचार सध्या मंडळींत चालू आहे. त्याचे आवाहन घरोघरी जाईल, आणि हल्लीच्या रीतीप्रमाणे मोबाइलवरूनही जाईल. मोबाइलवर तर चार पाने कोणीच वाचणार नाही. माझी कार्यकारिणीस नम्र सूचना आहे, की आवाहन एका पोस्टकार्डात मावेल इतकेच असावे. त्यात किती मुलींची सोय करावयाची, एका मुलीची खाट, गादी व अभ्यासाचे टेबल यांस मिळून किती खर्च येतो, तो आकडा बाजारात विचारून लिहावा. कोणत्या तारखेपर्यंत पैसे हवेत ते लिहावे. ज्यांना संपूर्ण खाट देणे शक्य नाही, त्यांनी काय द्यावे तेही लिहावे, म्हणजे लहान देणाऱ्यास संकोच वाटणार नाही. पैसे कोणी स्वीकारावयाचे आणि हिशेब कोणत्या महिन्यात घरी येईल, हे शेवटी लिहावे. पदाधिकाऱ्यांची नावे त्यानंतर जागा उरली तर घालावीत. आणि कार्यकारिणीच्या प्रत्येक सभासदाची वर्गणी पहिल्याच यादीत असावी. माझी मी या लेखाबरोबरच खजिनदारांकडे दिली आहे.

आजीबाई आता हयात नाहीत. त्यांची नात मात्र पंचवटीतच राहते, आणि तिची मुलगी पुढील वर्षी दहावी होईल. नव्या आवाहनाचे पहिले पोस्टकार्ड घेऊन मी तिच्याच दारी जाणार आहे. ती आजीचेच दोन प्रश्न विचारील. या खेपेस त्यांची उत्तरे आपल्यापाशी असावीत, एवढीच श्रीकाळारामाच्या चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.