आर्मीतून नेव्हीत गेलेल्या डॉक्टर

तुम्हाला माहीत आहे का, आपल्याकडे लष्करातला डॉक्टर नौदलातही जाऊ शकतो? तिन्ही दलांची वैद्यकीय सेवा एकच आहे. डॉ. पुनिता अरोरा पुण्याच्या एएफएमसीत शिकल्या आणि १९६८ मध्ये लष्करात रुजू झाल्या. २००४ मध्ये देशातल्या पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल; त्याच कॉलेजच्या प्रमुखही. पुढच्याच वर्षी त्या नौदलात गेल्या, सर्जन व्हाइस ॲडमिरल म्हणून.

तशा त्या स्त्रीरोगतज्ज्ञ. पण २००२ च्या कालूचक हल्ल्यातल्या जखमींना वेळेत उपचार दिल्याबद्दल त्यांना विशिष्ट सेवा पदक मिळालं. त्या हल्ल्यात सैनिकांची बायकामुलंही सापडली होती. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवणाऱ्या डॉक्टरला मिनिटांची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही!

अंधेरी-घाटकोपरच्या ट्रॅफिकमध्ये अपघात दिसला, तर १०८ ला फोन लावा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा.