केंब्रिजमधील एक बालशाळा

चार-पाच वर्षांच्या मुलाला विज्ञान शिकविता येते काय, असे विचारले तर पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ हसतील. ज्याला अद्याप मुळाक्षरे धड गिरविता येत नाहीत, त्याने पदार्थविज्ञानाच्या वाटेस कशाला जावे, असे त्यांना वाटेल. आणि विज्ञान म्हणजे क्रमिक पुस्तकांत छापलेल्या सिद्धांतांची जंत्री असे मानले, तर त्यांचे हसणे अस्थानीही नाही. परंतु सुमारे शंभर वर्षांपूर्वी केंब्रिज येथील एका लहानशा शाळेने या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. तिची हकीकत मनोरंजक तर आहेच. पण ज्यांच्या घरी लहान मुले आहेत, त्यांना ती थोडीशी अस्वस्थ करणारीही आहे.

जेफ्री पाइक नावाचा एक बुद्धिमान परंतु विक्षिप्त गृहस्थ केंब्रिजला राहत असे. आपण शाळेत जे दुःख भोगले ते आपल्या मुलाच्या वाट्यास येऊ नये, या इच्छेने त्याने १९२४ साली इंग्लंडमधील नियतकालिकांत एक जाहिरात दिली. अडीच ते सात वर्षांच्या काही मुलांचे शिक्षण एक शास्त्रीय संशोधन म्हणून हाती घेईल अशी सुविद्य स्त्री त्याला हवी होती. सुझन आयझॅक्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ते काम पत्करले, आणि त्याच वर्षी दहा मुलगे घेऊन ‘मॉल्टिंग हाउस’ शाळा सुरू झाली.

या शाळेत ठराविक तास नव्हते आणि पाठ घोकणेही नव्हते. बाग होती, वाळूचा हौद होता, सुतारकामाची खरी हत्यारे होती, पाळलेले प्राणी होते, भिंगे होती. प्रयोगशाळेतील गॅसचे दिवेसुद्धा होते. परंतु या सरंजामापेक्षा महत्त्वाचा होता तो बाईंचा एक परिपाठ. मुलाने प्रश्न विचारला की त्या सहसा तयार उत्तर देत नसत. ज्या गोष्टीचा छडा मुलाला स्वतः लावता येईल, तिच्यापाशी त्याला नेऊन ‘आपण पाहू या का?’ एवढेच म्हणत. मग मुले काय करतात, काय बोलतात, हे टिपून ठेवीत.

१९२५ च्या उन्हाळ्यात शाळेतील एक ससा रात्रीतून मेला. त्याचे पोट आता खालीवर होत नाही, हे एका मुलाच्या प्रथम ध्यानात आले. दुसऱ्याने वडिलांचा हवाला देऊन सांगितले की, पाण्यात ठेवला तर तो पुन्हा जिवंत होईल. बाईंनी त्याला वेड्यात काढले नाही. ससा पाण्यात ठेवण्यात आला. तो तरंगू लागला आणि प्रवाहाबरोबर गोल फिरू लागला. तेव्हा हलतो आहे त्या अर्थी तो जिवंतच आहे, असे एकाने ठरविले. बाईंनी त्याच पाण्यात एक काडी टाकली. तीही तशीच फिरू लागली. काडी काही जिवंत नाही, हे सर्वांना मान्य झाले. पुढे सशाला पुरण्यात आले. दुसऱ्या दिवशी मुले जमीन उकरू लागली. पण ससा आता आकाशात गेला असणार, असे म्हणून त्यांनी खणणे सोडून दिले. बाई म्हणाल्या, तो तेथे आहे की नाही ते पाहू या का? आणि त्या स्वतः खणू लागल्या. ससा तेथेच होता.

हा प्रसंग वाचून काहींच्या अंगावर काटा येईल. आपल्या घरात असा प्रसंग आला असता तर ‘ससा देवाघरी गेला’ असे सांगून आपण मुलाला दुसरीकडे नेले असते, आणि त्यात मायाच असती, यात शंका नाही. परंतु त्या मायेने मुलाचा प्रश्न मिटत नाही. विचारण्यात अर्थ नाही एवढेच ते शिकते. ती टाकलेली काडी मात्र विज्ञानाचा अगदी पहिला धडा होती. आपली समजूत खरी की खोटी, हे ताडून पाहण्याची रीत त्या बालकांना तिने दाखविली.

इतक्या लहान वयात कार्यकारणभाव समजतो काय, याविषयी त्या काळी वाद होता. स्वित्झर्लंडचे प्रख्यात मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या मते ती समज आठ-नऊ वर्षांच्या सुमारास येते. सायकल कशी चालते हे त्याआधी मुलाला सांगता येत नाही. १९२७ साली ते ही शाळा पाहण्यास आले असता हाच विषय निघाला. योगायोगाने पावणेसहा वर्षांचा एक मुलगा बागेत तीनचाकीवर बसून उलटे पायडल मारीत होता. बाईंनी त्याला विचारताच, पायांनी पायडल कसे दाबले जाते, त्याने दात्यांचे चाक कसे फिरते, साखळी कशी ओढली जाते आणि शेवटी चाके कशी फिरतात, हे त्याने क्रमवार सांगितले. एका मुलावरून पियाजे यांचा सिद्धांत मोडला असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या वस्तूशी मुलाचे हात-पाय रोज झटतात, तिच्याविषयी त्याची बुद्धी आपल्या अपेक्षेपेक्षा पुढे धावते, एवढे तरी त्यावरून मानावे लागते.

शाळेचा शेवट मात्र दुःखद झाला. पाइकचे द्रव्य धातूंच्या बाजारातील सट्ट्यात बुडाले. आयझॅक्सबाई १९२७ च्या अखेरीस शाळा सोडून गेल्या, आणि १९२९ साली शाळाच बंद पडली. प्राध्यापकांच्या मुलांसाठी श्रीमंताच्या पैशावर उभारलेला तो थाट पैशाबरोबर गेला, यात नवल नाही. बाईंची टिपणे तेवढी १९३० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि पुढील बालशिक्षणाला उपयोगी पडली.

मग असे शिक्षण श्रीमंतांच्या मुलांपुरतेच राहावयाचे काय? या शंकेचे उत्तर आपल्याच प्रांतात सापडते. ताराबाई मोडक यांची परंपरा निराळी, मारिया माँटेसोरी आणि गिजुभाई बधेका यांची. परंतु १९४५ साली बोर्डीस खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केल्यावर महागड्या साधनांवाचून बालशिक्षण कसे व्हावे, हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, खडे, पाने, बिया यांनाच साधने केले. पुढे १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे, गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेण्यात आली.

केंब्रिजचा गॅसचा दिवा आणि कोसबाडची शिंपली यांत अंतर पुष्कळ आहे. पण दोहोंकडे मुलाच्या हाती खरी वस्तू होती, आणि शेजारी बसावयास तयार असलेले वडील माणूस होते. आपल्या घरी बिया आहेत, पाणी आहे, अंगणात किंवा कुंडीत मूठभर मातीही आहे. उणीव असलीच तर ‘आपण पाहू या का?’ असे म्हणून मुलाबरोबर अर्धा तास खाली बसण्याच्या तयारीची आहे.