न भाजणारा उजेड : दुखण्यावरच्या मंद लेसरचा इतिहास

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आपल्यापैकी बरेच जण कधी ना कधी गेलेले असतील. मान धरलेली असते, गुडघा दुखत असतो, नाहीतर सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही. तिथे पेनासारखं टोक असलेलं एक यंत्र दुखऱ्या जागी टेकवतात, बारीक आवाज होतो, मिनिटभराने टोक पुढच्या ठिपक्यावर. गरम लागत नाही, टोचत नाही, झिणझिण्याही येत नाहीत. घरी कोणी विचारलं तर आपण सांगतो, ‘लाइट लावून आलो.’ या लाइटने दुखणं खरंच कमी होतं का, हा प्रश्न आम्हाला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात देता येत नाही, आणि ते का देता येत नाही हे समजायला या उपचाराचा इतिहासच बघावा लागतो.

उजेडाने रोग बरा करायची कल्पना लेसरपेक्षा जुनी आहे. कोपनहेगनच्या नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर दिव्याचा एकवटलेला प्रकाश वापरला आणि त्याबद्दल त्यांना १९०३ सालचं वैद्यकाचं नोबेल मिळालं. पुढे क्षयावर औषधं आली आणि तो दिवा अडगळीत गेला. त्यावर आज थांबत नाही.

लेसर आला १९६० मध्ये. १६ मे रोजी कॅलिफोर्नियात, ह्यूज रिसर्च लॅबोरेटरीत थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. वर्तमानपत्रांनी ‘मृत्युकिरण’ असले मथळे दिले. डॉक्टरांनीही तो उचलला तो जाळण्यासाठीच. वर्ष-दोन वर्षांत डोळ्याच्या पडद्यावर त्याने काम सुरू झालं. म्हणजे काय, तर लेसर म्हटलं की कापणारा, भाजणारा किरण हेच सगळ्यांच्या डोक्यात होतं. हे लक्षात असू द्या, कारण पुढे हंगेरीत जे घडलं ते याच्या नेमकं उलट आहे.

बुडापेस्टला एंड्रे मेस्टर नावाचे सर्जन होते. १९६७ साली त्यांची साठी उलटलेली होती. या नव्या किरणाने कॅन्सर होतो का, हे त्यांना तपासायचं होतं. त्याआधी अमेरिकेत, बोस्टनला, पॉल मॅकगफ यांनी रूबी लेसरने प्राण्यांमधल्या गाठी नष्ट केल्याचं प्रसिद्ध झालं होतं. मेस्टर यांच्या हाती असलेला रूबी लेसर त्या मानाने फारच कमजोर होता. त्यांनी उंदरांच्या पाठीवरचे केस भादरले आणि दोन गट केले. एका गटावर लेसर सोडला, दुसऱ्यावर नाही. कॅन्सर काही झाला नाही. पण ज्यांच्यावर लेसर सोडला होता, त्या उंदरांच्या पाठीवर केस लवकर उगवले!

दुसरा कोणी असता तर यंत्रात दम नाही म्हणून ते बाजूला ठेवलं असतं. मेस्टर यांनी त्या कमजोरीतच विषय पाहिला. किरण भाजत नाही, तरी पेशींना काहीतरी कळतंय. मग ते जखमांकडे वळले. पायावरचे महिनोन्‌महिने न भरणारे व्रण घेऊन त्यांच्याकडे माणसं येत, त्यांवर त्यांनी हा मंद लेसर वापरला. पुढे रूबीच्या जागी हेलियम-निऑन लेसर आला. त्याचा प्रकाश लाल, तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर. या परिणामाला त्यांनी ‘बायोस्टिम्युलेशन’ म्हटलं. सोव्हिएत रशियात आणि पूर्व युरोपात हे वेगाने पसरलं. पश्चिमेकडे मात्र बराच काळ त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. निबंध हंगेरियन, जर्मन नाहीतर रशियन भाषेत, आणि वर शीतयुद्ध.

एक गोष्ट ध्यानात आली का? इथवर दुखण्याचा विषयच आलेला नाही. केस आणि जखमा, एवढंच. वेदना या गोष्टीत बाजूच्या दाराने आली. सत्तरच्या दशकात काही जणांनी ॲक्युपंक्चरच्या सुईऐवजी लेसर वापरून पाहिला. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युडिथ वॉकर यांचा छोटासा निबंध आला. चेहऱ्याचा मज्जातंतुशूल, नागीण बरी झाल्यावर मागे राहणारी आग, सायटिका अशा चिवट दुखण्यांवर १ मिलिवॉटच्या हेलियम-निऑन लेसरने आराम पडला, असं त्यात होतं. १ मिलिवॉट म्हणजे किती? भाषणात फळ्यावर लाल ठिपका दाखवायला आपण जो पॉइंटर वापरतो, जवळपास तेवढा. एवढ्याशा उजेडाने वर्षानुवर्षांचं दुखणं हटतं म्हटल्यावर अर्ध्या डॉक्टरांनी नाक मुरडलं आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी यंत्र विकत घेतलं.

नाक मुरडणारे चुकीचे होते असं आम्ही म्हणणार नाही. दुखणं मोजायला थर्मामीटर नाही. रोग्याला विचारायचं, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, आणि तो सांगेल तो आकडा लिहायचा. कोणी आपुलकीने विचारपूस केली, दुखऱ्या जागी हात लावला, चकचकीत यंत्र आणलं, की आकडा खाली येतोच. हा आमचाही अनुभव आहे. आम्ही पूर्वी जिथे काम करायचो, तिथल्या लेसरचं एक टोक बंद पडलं होतं. आवाज यायचा, हिरवा दिवा लागायचा, फक्त आतून किरण येत नव्हता. अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे कित्येक आठवडे कोणाच्या लक्षातच आलं नाही. त्या आठवड्यांतही पेशंट ‘बरं वाटतंय’ म्हणून सांगत होते. त्यांनी रोज पैसे मोजले होते, गावाहून एसटीने येत होते. आम्हाला आजही त्याची लाज वाटते.

पण हीच घटना दुसऱ्या बाजूने बघा. या उपचाराची खरी-खोटी परीक्षा घेणं किती सोपं आहे! वीज लावली तर झिणझिण्या येतात, शेक दिला तर ऊब लागते, सुई टोचली तर कळते. रोग्याला फसवता येत नाही. लेसरच्या बाबतीत एक चालू यंत्र आणि एक नुसतं आवाज करणारं यंत्र घेतलं, तर रोग्यालाही कळत नाही आणि ते धरणाऱ्यालाही नाही. दुहेरी अंध चाचणीसाठी इतका सोयीचा शारीरिक उपचार शोधून सापडायचा नाही. असं असूनही पहिली कित्येक वर्षं ‘इतक्या जणांना लावला, इतक्यांना बरं वाटलं’ अशाच प्रकारचे निबंध जास्त निघत राहिले. या इतिहासातला सर्वांत मोठा दोष कोणता विचाराल तर आमच्या मते हाच.

चाचण्या सुरू झाल्या तेव्हा निकाल परस्परविरोधी येऊ लागले. आता इथे थोडा हिशेब करावा लागेल, कंटाळू नका. औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये, तशी प्रकाशाची मात्रा ज्यूलमध्ये. वॉट गुणिले सेकंद. १ मिलिवॉटचा लेसर २० सेकंद धरला तर मिळतात ०.०२ ज्यूल. १०० मिलिवॉटचा ४० सेकंद धरला तर ४ ज्यूल, म्हणजे दोनशे पट. दोन्हींचं नाव मात्र ‘लेसर थेरपी’. त्यात तरंगलांबीचा फरक. लहानपणी बॅटरी मुठीत धरून बोटं लाल झालेली आपण सगळ्यांनी पाहिलीत. लाल आणि अवरक्त प्रकाशच मांसातून त्यातल्या त्यात पुढे जातो. शिवाय प्रयोगशाळेत असं दिसलं की मात्रा अति झाली तरी परिणाम ओसरतो. नॉर्वेच्या यान ब्योर्डाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सांधेदुखीच्या चाचण्या मात्रेनुसार वेगळ्या काढून पाहिल्या. योग्य मात्रा पोचलेल्या चाचण्यांत आराम दिसत होता. ब्राझीलमध्ये तर दवाखान्यांतली यंत्रंच मोजली गेली, आणि पुष्कळ यंत्रं लिहिलेल्यापेक्षा कमी प्रकाश देताना आढळली.

मात्रेचा मुद्दा खरा आहे, पण तो पळवाटही होऊ शकतो. चाचणी फसली की ‘मात्रा चुकली’ म्हणायचं, जमली की लेसरचा विजय. असं केलं तर हा उपचार कधी हरणारच नाही. मात्रा आधी जाहीर करायची आणि मग चाचणी घ्यायची, हा एकच सरळ रस्ता.

अमेरिकेत २००२ मध्ये एफडीएने मनगटातल्या कार्पल टनेलच्या दुखण्यासाठी अशा एका लेसरला पहिली वाट दिली. त्यानंतर बरीच यंत्रं बाजारात आली ती मात्र एका गमतीशीर दारातून. एफडीएच्या यादीत शेक देणाऱ्या अवरक्त दिव्यांचा जुना वर्ग होता. ‘आमचंही यंत्र तसलंच’ म्हणून ती त्यात बसली. ज्याची जाहिरात ‘थंड लेसर’ म्हणून करायची, त्याची कागदोपत्री नोंद शेकाचा दिवा!

२००९ साली दोन निकाल आले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने जुनाट कंबरदुखीच्या मार्गदर्शिकेत सांगितलं, लेसर देऊ नका. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्टा चाऊ आणि सहकाऱ्यांनी मानदुखीच्या १६ चाचण्या, ८२० रुग्ण, एकत्र तपासून दाखवलं की जुनाट मानदुखीत १०० मिलिमीटरच्या पट्टीवर सुमारे २० मिलिमीटर आराम पडतो आणि उपचार संपल्यावर २२ आठवड्यांपर्यंत तो टिकलेला दिसतो. कंबरेला नाही, मानेला हो. आम्हाला यात विसंगती वाटत नाही. मानेतले सांधे कातडीपासून जवळ आहेत, कंबरेतले खोल. पण हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. संधिवाताबद्दल कॉक्रेनच्या २००५ च्या परीक्षणाने थोड्या मुदतीचा आराम आणि सकाळचा ताठरपणा कमी होणं, एवढं मान्य केलं.

हे घडतं कसं? रशियात तीना कारू यांनी दाखवलं की पेशीतल्या मायटोकाँड्रियामधलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे एन्झाइम हा प्रकाश शोषतं. पाठ्यपुस्तकांत हेच छापलेलं असतं. २०१९ मध्ये मात्र हे एन्झाइम नसलेल्या पेशींवरही प्रकाशाचा परिणाम दिसला. म्हणजे तो अध्याय अजून मिटलेला नाही. दरम्यान २०१४-१५ च्या सुमारास उपचाराचं नावही बदललं, फोटोबायोमॉड्युलेशन. उच्चारताना पेशंटचीच काय, आमचीही जीभ अडखळते.

सर्वांत भक्कम पुरावा उभा राहिला तो मात्र गुडघ्यात नाही, मानेतही नाही, तर तोंडात. डोक्या-मानेच्या कॅन्सरला रेडिएशन दिलं की तोंड आतून सोलून निघतं. पाण्याचा घोट घेववत नाही, नळीने अन्न द्यावं लागतं, कधी उपचारच मध्ये थांबवावे लागतात. फ्रान्समधल्या बेन्सादून यांच्या गटाने १९९९ मध्ये यावर हेलियम-निऑन लेसर वापरून दाखवला. आपल्या शेजारी, कर्नाटकात मणिपालला, २००६ मध्ये ५० रुग्णांवरचा अभ्यास आला आणि २०१२ मध्ये २२१ रुग्णांची, रोगी, उपचारक आणि तपासनीस तिघांनाही अंधारात ठेवून केलेली चाचणी. सोंगाचं यंत्र आणि खरं यंत्र, यांतला फरक तिथे स्पष्ट दिसला. २०१८ मध्ये ब्रिटनच्या त्याच ‘नाइस’ने या वापराला मान्यता दिली. तंबाखू, गुटखा आणि मशेरीच्या आपल्या मुलखात हा वापर घरोघरी माहीत असायला हवा होता. प्रत्यक्षात जाहिराती गुडघ्याच्या, आणि तोंडासाठी लेसर लावणारी कॅन्सर रुग्णालयं मोजकीच, कारण रोज प्रत्येक रोग्याच्या तोंडात ठिपक्या-ठिपक्याने तो लावायला माणूस लागतो, वेळ लागतो.

गुडघ्यासाठी येणाऱ्यांना आम्ही आता काय सांगतो? व्यायाम आधी, लेसर जोडीला, आणि ठरलेल्या सिटिंगमध्ये फरक पडला नाही तर बंद. बंद टोकाच्या त्या प्रकारानंतर आम्ही किरण मोजायचं छोटं मीटर घेतलं. दर सोमवारी पहिला पेशंट यायच्या आधी प्रत्येक टोक त्यावर धरतो आणि आकडा वहीत लिहितो. ती वही टेबलावरच असते, कोणीही मागून बघावी.

आता प्रश्न असतील तर घेऊ.