बोनेटवरची फिल्म, कूळ चिकटपट्टीचं

घरी गाडीच्या बोनेटला रॅप, म्हणजे पाठीला गोंद असलेली रंगीत फिल्म, लावायला घेतलं की हाताशी काय काय लागतं ते बघा. हीट गन, प्लास्टिकची स्क्वीजी, तिच्या एका कडेला फेल्टची पट्टी, मोडत जाणाऱ्या पात्याचा कटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन-चार मऊ फडकी. यात रंगाऱ्याचं एकही हत्यार नाही. स्प्रेगन नाही, थिनर नाही, लांबी नाही, प्रायमर नाही. काम झाल्यावर मात्र शेजारी विचारतात, "रंग कुठे मारून घेतला?" दिसण्यावरून आपण रॅपला रंगाच्या घराण्यात बसवतो. त्याचा माग काढत गेलं तर वाट रंगाच्या डब्यापाशी पोचतच नाही. ती पोचते एका चिकटपट्टीपाशी, आणि ती चिकटपट्टीसुद्धा मोटारीच्या पत्र्यासाठीच जन्माला आलेली आहे.

१९२०च्या दशकातली अमेरिका. फोर्डची मॉडेल टी १९१४ पासून अनेक वर्षं फक्त काळ्या रंगात निघत होती. मग ड्यूपॉन्ट आणि जनरल मोटर्स यांनी मिळून ड्यूको नावाचं लॅकर आणलं आणि १९२४च्या ओकलंड गाड्या निळ्या रंगात रस्त्यावर आल्या. जुन्या वार्निशच्या रंगाचे एकावर एक हात द्यायला आणि ते वाळायला काही आठवडे जायचे. हे लॅकर काही तासांत वाळायचं. रंग झटपट झाला तशी लोकांची हौसही वाढली. वर एक रंग, खाली दुसरा, अशा टू-टोन गाड्यांची टूम निघाली आणि रंगाऱ्यांची झोप उडाली. दुसरा रंग मारताना पहिला झाकायचा कसा? कुणी वर्तमानपत्र सरसाने चिकटवायचं, कुणी खाटकाचा जाड कागद लावायचं. कागद काढताना त्याच्याबरोबर ताज्या रंगाचे पापुद्रे निघायचे आणि सगळं काम पुन्हा पहिल्यापासून.

सेंट पॉल, मिनेसोटा इथल्या अशाच एका वर्कशॉपमध्ये रिचर्ड ड्रू नावाचा तरुण पॉलिश पेपरचे नमुने घेऊन गेला होता. थ्री-एम कंपनी तेव्हा पॉलिश पेपर विकायची, आणि पाण्यात भिजवून वापरायचा नवा कागद चालतो का हे बघायचं ड्रूचं काम. रंगाऱ्यांचा संताप ऐकून त्याने शब्द दिला की यावर मी उपाय काढतो. चिकटवायच्या वस्तूंचा त्याला काडीचाही अनुभव नव्हता. पुढची दोन वर्षं तो तेलं, राळा, डिंक आणि चिकल नावाचा चीक चाळत बसला. वरिष्ठांनी सांगितलं की हे सोड आणि पॉलिश पेपरकडे बघ. त्याने मान डोलावली आणि प्रयोग चालूच ठेवले. शेवटी सुताराचा सरस आणि ग्लिसरीन यांचं मिश्रण जमलं. ते त्याने चुण्या पाडलेल्या क्रेप कागदावर चढवलं. १९२५ साली मास्किंग टेप तयार झाली.

या टेपचे तीन गुण इथेच सांगून ठेवतो, कारण रॅपची सगळी वंशावळ त्यांतूनच फुटते. कागदाला चुण्या होत्या म्हणून ती ताणून वळणावर वळवता यायची. काम होईपर्यंत ती जागा धरून ठेवायची. आणि काम झालं की खालच्या रंगाला धक्का न लावता निघून यायची. घट्ट चिकटणाऱ्या वस्तू जगात आधीही पुष्कळ होत्या. वेळ आली की सुखरूप सुटणारी वस्तू मिळवायला ड्रूची दोन वर्षं गेली, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीचा गाभा या सुटण्यातच आहे.

दुसरं कूळ पीव्हीसीचं, म्हणजे रॅपची फिल्म ज्या प्लास्टिकची बनते त्याचं. ते गमतीशीर वाटेने आलं. १८३५ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आँरी रेन्यो याने व्हिनिल क्लोराइड वायू तयार केला. १८७२ मध्ये जर्मनीत ऑयगेन बाउमान याला दिसलं की उन्हात राहिलेल्या नळीत या वायूचा पांढरा घट्ट पदार्थ झाला आहे. हेच पीव्हीसी. पण ते इतकं कडक आणि ठिसूळ होतं की त्याचा उपयोग कुणालाच सुचेना. १९२६ साली ओहायोतल्या ऍक्रन इथे बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सीमन हा रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होता. त्यासाठी त्याने पीव्हीसी जास्त तापमानाला उकळणाऱ्या द्रावकात तापवलं. चिकटणारं काही हाती आलं नाही. आलं ते लवचिक, जेलीसारखं, दाबलं की दबणारं आणि सोडलं की पूर्ववत होणारं. मऊ व्हिनिल असं जन्मलं. धातूला चिकटेल असं काहीतरी शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती न चिकटणारी वस्तू लागली, आणि पुढे तीच पाठीला गोंद लावून धातूवर बसली.

उन्हात जन्मलेल्या या पदार्थाला ऊनच मानवत नाही. ऊन आणि उष्णता लागली की पीव्हीसीतून हळूहळू हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, मग ते पिवळं पडतं आणि कडक होतं. त्यावर स्थिरीकरणाची द्रव्यं घालावी लागतात. मऊपणासाठी घातलेलं तेलकट द्रव्यही एका जागी राहत नाही. ते गोंदात उतरतं आणि गोंद बिघडवतं. फिल्म बनवणाऱ्यांची कित्येक दशकं या दोन दुखण्यांशी झगडण्यात गेली.

त्या झगड्यातून फिल्मच्या दोन जाती झाल्या. दुकानात रोल विकत घेताना हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे. पहिली कॅलेंडर्ड. गरम रुळांमधून मऊ प्लास्टिक लाटत, ओढत नेलं की ही तयार होते. ही ओढ तिच्या अंगात राहते, आणि संधी मिळाली की ती आखडून मूळ मापाकडे जायला बघते. दोन उन्हाळे गेले की कडेने एक-दोन मिलिमीटर मागे सरते आणि उघड्या पडलेल्या गोंदावर धूळ बसून काळी रेघ उमटते. दुसरी कास्ट. तिच्यात द्रवरूप व्हिनिल गुळगुळीत कागदावर ओततात आणि भट्टीतून नेऊन सुकवतात. तिला कुणी ओढलेलंच नसतं, त्यामुळे तिच्या अंगात कसला ताण नाही. जाडी साधारण ५० मायक्रॉन. सपाट पाटीला कॅलेंडर्ड चालते. बोनेटच्या वळणांना कास्टच हवी. स्वस्त रोल घेऊन मग लावणाऱ्याच्या हाताला दोष देणारी माणसं पाहिली की मला वाईट वाटतं.

गाडीच्या अंगावर फिल्म पहिल्यांदा चढली ती लाकडाच्या वेषात. अमेरिकेतल्या स्टेशन वॅगनला पूर्वी खऱ्या लाकडाच्या बाजू असत. त्यांना दरवर्षी वार्निश लागे आणि पावसात त्या फुगत. १९५०च्या दशकात फोर्डच्या कंट्री स्क्वायरवर लाकडाच्या जागी डाय-नॉक नावाची, लाकडाची नक्षी छापलेली फिल्म आली. कंट्री स्क्वायर आणि जीपची ग्रँड वॅगोनियर या दोन्ही गाड्या १९९१ मध्ये बंद होईपर्यंत ही लाकडी नक्षी चालू होती.

मधला टप्पा अक्षरांचा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गर्बर कंपनीने कॉम्प्युटरवर अक्षरं कापणारी यंत्रं आणली. काही वर्षांत तसले प्लॉटर आपल्याकडेही आले, आणि ट्रकच्या फळ्यांवर ब्रशने अक्षरं काढणाऱ्या पेंटरच्या शेजारी रेडियमची दुकानं उभी राहिली. नंबर प्लेट, देवाचं नाव, टाकीवरचे पट्टे, सगळं तिथे कापून मिळू लागलं. आज गावोगावी रॅप लावून देणारे बरेच हात या दुकानांत तयार झालेत. मग मोठे प्रिंटर आले आणि १९९३ मध्ये अमेरिकेत पेप्सीने क्रिस्टल पेप्सीच्या जाहिरातीसाठी आख्खी बस व्हिनिलमध्ये गुंडाळली.

मला या सगळ्या प्रवासातला सर्वांत मोलाचा मुक्काम वाटतो तो जर्मनीतल्या टॅक्सीचा. तिथे १९७१ पासून टॅक्सीला एकच रंग सक्तीचा होता, फिकट हस्तिदंती, रंगपत्रिकेतला क्रमांक १०१५. टॅक्सीवाला चांगली मर्सिडीज घ्यायचा, चार-पाच वर्षं चालवायचा आणि विकायला काढायचा. हस्तिदंती गाडी खाजगी गिऱ्हाईक घ्यायला तयार नसे. १९९०च्या दशकात तोड निघाली. गाडी काळी किंवा चंदेरी घ्यायची, वर हस्तिदंती फिल्म चढवायची, आणि विकताना ती सोलून काढायची. आत कारखान्यातला रंग नवा कोरा. जाहिरात नव्हती, हौस नव्हती, हिशोब होता. गाडीचा संपूर्ण रंग फिल्मने बदलता येतो, आणि तो रोज धावणाऱ्या, रोज धुतल्या जाणाऱ्या गाडीवर वर्षानुवर्षं टिकतो, हे या टॅक्सीवाल्यांनी सिद्ध केलं. ड्रूच्या टेपचा तिसरा गुण इथे थेट पैशात मोजला गेला.

तरीही हे काम कारागिराचंच होतं. गोंद लागला की लागला. चुकलं तर फिल्म वाया. ही कोंडी गोंदाच्या कारागिरीने फुटली. एका प्रकारात गोंदावर अतिसूक्ष्म काचेचे मणी असतात. नुसती टेकवली तर फिल्म त्यांच्यावर सरकते, दाबली की मणी गोंदात बुडतात आणि फिल्म धरते. दुसऱ्या सुधारणेत गोंदात डोळ्यांना न दिसणारे चर पाडतात, म्हणजे अडकलेली हवा कडेला वाट काढते. गाड्यांच्या हौशी लोकांनी भिंती-दारांसाठी असलेली कार्बन फायबर नक्षीची डाय-नॉक बोनेटला लावून पाहायला सुरुवात केलीच होती. २०१०च्या आसपास कंपन्यांनी खास गाड्यांसाठी रंगीत फिल्मचे रोल काढले, दीड मीटर रुंद. एका बोनेटला एक सलग तुकडा पुरतो. काम घरापर्यंत आलं ते तेव्हा.

घरी करताना बंदिस्त पार्किंग हवं. वाऱ्याने आणलेला धुळीचा एक कण फिल्मखाली गेला की टाचणीच्या टोकाएवढा उंचवटा कायमचा. मे महिन्याच्या दुपारी तर हे काम करूच नये; तापलेल्या पत्र्यावर फिल्म टेकताक्षणी पकडते. बोनेट धुवायचं, अल्कोहोलने पुसायचं, आणि आतल्या दुमडीची कड दोनदा पुसायची, कारण वॅक्स आणि ग्रीस लपतं तिथेच. साडीची घडी घालताना दोघीजणी टोकं धरून ताणतात तशी फिल्म दोघांनी धरायची, मध्यावर टेकवायची आणि स्क्वीजी मध्यापासून बाहेरच्या बाजूला फिरवत न्यायची. सुरकुती आली तर ती दाबायची नाही. तेवढा भाग उचलायचा आणि हीट गनची ऊब द्यायची. डोळ्यांदेखत सुरकुती जिरते आणि फिल्म पुन्हा सपाट होते. कास्ट फिल्मला घडवलेला आकार आठवतो, तो असा.

पण हीच आठवण पुढे नडते. वळणावर, कडेच्या दुमडीत फिल्म ताणून बसवलेली असते. तिला तशीच सोडली तर आठवड्याभरात ती उचलते. म्हणून शेवटी सगळ्या कडा ९० ते १०० अंशांपर्यंत पुन्हा तापवायच्या, हातात तापमापक धरून. एवढ्या उष्णतेने ती जुना आकार विसरते आणि नवा धरते. घरी केलेलं काम फसतं ते बहुधा इथे. दिवसभर राबलेल्या माणसाला चकचकीत बोनेट समोर दिसत असतं आणि हे शेवटचं अर्ध्या तासाचं काम उद्यावर जातं.

कापण्यासाठी आता धागा भरलेली टेप मिळते. ती आधी पत्र्यावर लावायची, वरून फिल्म बसवायची आणि मग धागा ओढायचा. फिल्म खालून चिरत जाते आणि रंगाला पातं लागत नाही.

काढायची वेळ आली की फिल्म ऊब देत, पत्र्याला जवळजवळ समांतर ओढत काढतात. कारखान्यातला रंग असेल तर तो जसाच्या तसा राहतो. अपघातानंतर कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये रंगवलेल्या पॅनेलचा भरवसा देता येत नाही. तिथे प्रायमरची पकड कच्ची असेल तर फिल्मबरोबर रंगाचा पापुद्रा येतो, आणि म्हणूनच फिल्म कंपन्या आपली हमी मूळ रंगापुरती ठेवतात. जुनी गाडी घेतली असेल तर कुठलं पॅनेल पुन्हा रंगवलंय ते लावण्याआधीच विचारून घ्यावं. बोनेटची फिल्म आधी म्हातारी होते, कारण ऊन थेट तिच्यावर पडतं; दारांवरची तिच्याहून जास्त वर्षं काढते. तडे जायची वाट पाहू नये. तडकलेली फिल्म सलग निघत नाही, नखाएवढे तुकडे सोलत बसावं लागतं.

आणि एक कागदाची गोष्ट. गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. आरशांना किंवा छपराला फिल्म लावली तर गाडीचा मूळ रंग दिसतच राहतो. पण सगळी गाडी पालटायची असेल तर आरसीतला रंग आणि रस्त्यावरचा रंग जुळत नाही आणि पोलिस अडवू शकतात. आरटीओत आधी विचारायचं, नोंद करून घ्यायची, मग रोल कापायचा.