गेली नाही, घेतली

मुळशी धरणाच्या काठच्या गावांत विचारा, जमीन धरणात गेली असंच सांगतात. आजोबांची गेली, मामाकडची गेली, देऊळसुद्धा गेलं. पीक जातं, साल जातं, तशी जमीनही आपोआप गेल्यासारखी. पौडला इंग्रजी शिकवत होतो तेव्हा हे 'गेली' मला फार खुपायचं. म्हणून 'टेक' या क्रियापदाचे उपयोग शिकवताना मी पाठ्यपुस्तकातली वाक्यं झाली की १८९४ चा भूसंपादन कायदा सांगायला घ्यायचो. कलेक्टरनं निवाडा दिला की जमिनीचा ताबा घ्यायचा, तिथं त्या कायद्यात हेच साधं क्रियापद आहे. कोण घेतो ते कायदा स्पष्ट सांगतो. आपल्या बोलण्यातून मात्र घेणारा पुसला गेला.

टाटा पॉवर कंपनी १९१९ साली स्थापन झाली. लोणावळ्याच्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीला वीज त्याआधीच तयार होत होती, आणि मुंबईच्या गिरण्यांना आणखी हवी होती. त्यासाठी धरण बांधायला नीला आणि मुळा या नद्यांचं खोरं निवडलं. हे आंबेमोहोर तांदळाचं खोरं. पन्नासहून अधिक गावं आणि सुमारे अकरा हजार माणसं यात सापडली.

इथे कायद्याची रचना नीट पाहावी. कंपनीला स्वतः कुणाची जमीन सक्तीनं घेता येत नव्हती. पण त्याच कायद्यात कंपन्यांसाठी वेगळं प्रकरण होतं. सरकारनं घ्यायची, कंपनीनं खर्च सोसायचा आणि जमीन कंपनीकडे जायची. सक्ती केली म्हणून बाजारभावावर १५ टक्के जादा. घरदार, शेत, पूर्वजांची थडगी सोडायला लावण्याची किंमत कायद्यानं टक्क्यांत लिहून ठेवली होती, आणि हे वाचताना मला दर वेळी संताप येतो.

खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी, म्हणजे मावळ्यांनी, १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू केला. कामाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबवलं. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. पांडुरंग महादेव बापट या लढ्यामुळेच 'सेनापती' बापट झाले. विनायकराव भुस्कुटे खोऱ्यात ठाण मांडून होते. गांधीजींनी 'यंग इंडिया'त लिहून सहानुभूती दाखवली, पण हा लढा स्वतः हाती घेतला नाही. काही महिने काम थांबलं, मग पुन्हा सुरू झालं, आणि सत्याग्रही तुरुंगात जाऊ लागले.

लढा आतून कशानं पोखरला, हे मुलांना सांगणं मला सगळ्यात अवघड जायचं. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होत्या. कसणारा मावळा आणि सातबाऱ्यातला मालक निरनिराळे. मालकाला जमीन म्हणजे वसुली, तेव्हा भरपाईचा आकडा चांगला आला की त्याचं काम झालं. कसणाऱ्याला पैसे नकोच होते, जमीन हवी होती. पण निवाडा ज्याच्या नावाचा, मोबदला तोच घेणार. पुण्यातली काही पुढारी मंडळीही पुढे भरपाई वाढवून घेण्याच्या वाटाघाटीकडे वळली. शहाणपण म्हणून कुणी याचं समर्थन करतात. मला ते पटत नाही. ज्यांचं काही जाणारच नव्हतं, त्यांनी तडजोड ठरवावी हा अन्याय होता.

बापटांना अहिंसक मार्ग संपल्यासारखा वाटला. १९२४ च्या डिसेंबरात त्यांनी रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची गाडी अडवली. हातात शस्त्रं होती. सात वर्षांची शिक्षा झाली. लढा तिथंच संपला. १९२७ मध्ये सह्याद्रीच्या पायथ्याशी भिऱ्याचं वीजगृह सुरू झालं. पूर्वेला पुण्याकडे वाहणारं मुळेचं पाणी तिथून पश्चिमेला कुंडलिकेत सोडतात. कोलाडला उन्हाळ्यात तराफ्यांतून फिरणाऱ्या पर्यटकांच्या खालून जातं ते हेच पाणी, मुळशीच्या भातखाचरांवरून घेतलेलं.

१८९४ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून संपला. नव्या कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. तीन वर्षं आधीपासून राबणारी कुळं आणि शेतमजूर पुनर्वसनाच्या यादीत येतात. मुळशीतल्या मावळ्याला यातलं काहीच मिळालं नव्हतं. पण संमती मोजायची वेळ आली की ती मुख्यतः मालकांचीच मोजतात. कसणाऱ्याला अजूनही कुणी विचारत नाही.