बोरीबंदर आणि बोरघाट

इंद्रायणीकाठच्या आमच्या चऱ्होलीला रेल्वेचा स्पर्श कधी झाला नाही. आळंदी रस्त्याने भोसरी मागे टाकून कासारवाडी वा खडकी गाठावी, तेव्हा रूळ दृष्टीस पडावेत, अशी येथील पूर्वापार स्थिती. तरीही या पंचक्रोशीतील माणसाचा मुंबईचा प्रवास पिढ्यान्‌पिढ्या ज्या स्थानकात संपत आला, त्या बोरीबंदरचा इतिहास घाटमाथ्यावरून पाहिला जावा, असे मला आग्रहाने वाटते. तो बहुधा इमारतीपासून सुरू होतो आणि इमारतीपाशीच थांबतो. वस्तुतः त्या इमारतीचा पाया खणला जाण्यापूर्वी पंधरा वर्षे तिचे भाग्य बोरघाटात ठरून गेले होते.

प्रारंभाची हकीकत सर्वश्रुत आहे. नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पुढाकाराने १८४५ पासून रेल्वेची खटपट चालू झाली, १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी सुटली. परंतु देशावरचा कापूस आणि धान्य बंदरात उतरविल्यावाचून कंपनीचा जमाखर्च जुळणे शक्य नव्हते, आणि मध्ये सह्याद्री उभा होता. बोरघाटातील गाडीरस्ता सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत, १८३० मध्येच खुला झाला होता. रेल्वे मात्र खालून १८५६ मध्ये खोपोलीस येऊन थांबली, वरून १४ जून १८५८ रोजी पुणे-खंडाळा मार्ग सुरू झाला, आणि मधला चढ पुढे जवळजवळ पाच वर्षे प्रवाशांना पालखीत, तट्टावर किंवा पायी काढावा लागला.

हा चढ म्हणजे सुमारे सोळा मैलांच्या वाटेत अठराशे फुटांहून अधिक उंची. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने आखलेल्या मार्गावर पंचवीस बोगदे होते, दऱ्यांवर दगडी कमानींचे पूल होते, आणि एका ठिकाणी तर डोंगराने पुढची वाटच नाकारल्यामुळे गाडीने कड्यावर येऊन थांबावे, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावे आणि गाडीने उलट दिशेने उरलेला चढ चढावा, अशी योजना करावी लागली. गाडी उलट फिरविण्याचे हे स्थानक १९२९ पर्यंत वापरात होते. काम चाले ते पावसाळा सोडून. कड्यावरून दोरखंडाने माणसे खाली सोडीत. ती अधांतरी लोंबकळत पहारीने काळ्या पाषाणात भोके पाडीत, त्यांत सुरुंगाची दारू ठाशीत, आणि वर ओढून घेतल्यावर बत्ती दिली जाई. पटकीच्या साथीत छावण्याच्या छावण्या ओस पडत. पहिला मक्तेदार विल्यम फेव्हिएल याच्या अमदानीत मजुरीची बाकी तुंबली, तेव्हा १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला, आणि थोड्याच अवधीत त्याने मक्ता सोडून दिला. पुढचा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येताच अल्पकाळात मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने तो मक्ता स्वतःच्या जबाबदारीवर पुरा करविला. १८६१ च्या आरंभी या घाटात बेचाळीस हजारांवर माणसे राबत होती. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याच्या हस्ते घाट खुला झाला, आणि पुण्याहून निघालेली गाडी थेट बोरीबंदरात शिरू लागली.

या वाहतुकीच्या बळावरच कंपनीला राजवाड्यासारखे स्थानक बांधण्याची ऐपत आली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या नकाशाप्रमाणे १८७८ मध्ये काम सुरू झाले, राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, त्यास व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले आणि १८८८ मध्ये इमारत पूर्ण झाली. जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी दगडात पाने-फुले, मोर आणि माकडे कोरली. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ; घुमटाच्या शिखरावर हातात मशाल घेतलेली प्रगतीची मूर्ती. दर्शनी भिंतीवर कंपनीच्या धुरीणांचे मुखवटे आहेत, त्यांत शंकरशेट आणि जिजीभाईही आहेत, आणि ते यथायोग्यच आहे. घाटात लोंबकळलेल्या माणसांची खूण मात्र त्या अफाट शिल्पसमृद्धीत मला कोठे आढळली नाही.

पुढे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी येथूनच कुर्ल्याकडे देशातील पहिली विजेची गाडी धावली, १९२९ मध्ये घाटातही वीज आली, आणि १ जून १९३० पासून डेक्कन क्वीनने पुणेकरांना मुंबई अंगणात आणून दिली. २००४ मध्ये वास्तूला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आज ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणून ओळखली जाते.

९ ऑक्टोबर २०२५ पासून या स्थानकाच्या परिसरात, जमिनीच्या पोटात, मेट्रोचेही स्थानक सुरू झाले आहे. आरेपासून कफ परेडपर्यंत साडेतेहतीस किलोमीटरच्या या मार्गिकेचे बोगदे ज्या यंत्रांनी खणले, त्यांना कृष्णा, गोदावरी, वैनगंगा, तानसा अशी आपल्या नद्यांची नावे दिलेली होती. त्याच जातीचा काळा पाषाण, परंतु माणूस दोरीला टांगलेला नव्हता. ही प्रगती मला मनापासून मोलाची वाटते. कासारवाडीलाही २०२२ पासून रेल्वेमार्गालगत मेट्रोचे उन्नत स्थानक आहे, आणि चऱ्होलीचा माणूस आता मुंबईत उतरताच स्थानकाच्या दर्शनी भागाकडे मान वर न करता थेट भुयारात उतरून पुढे जाऊ शकतो.

म्हणूनच रेल्वेतून मेट्रोकडे वळणाऱ्या त्या वाटेच्या भिंतीवर बोरघाटातील मजुरांचा लेख असावा, अशी माझी मागणी आहे. खोदणाऱ्या यंत्रांना आपण नावे दिली. कंपनीच्या आणि इलाख्याच्या जुन्या दप्तरांत मुकादमांच्या टोळ्यांची, मजुरीच्या तगाद्यांची, हजेरीची जी काही नावे हाती लागतील, तीही तेथे कोरता येतील. नावे मिळतील तितकी लिहावीत, आणि त्यांच्या खाली १८६१ सालचा तो बेचाळीस हजारांचा आकडा.