यतीमखान्यात, वसतिगृहात जादा सिलिंडर ठेवताना

रमजानमध्ये सहेरी-इफ्तारचा स्वयंपाक वाढतो, म्हणून यतीमखाने आणि मदरशांच्या वसतिगृहांत आठ-दहा सिलिंडर आधीच आणून ठेवतात. जागा? बहुतेकदा जिन्याखालची. तीच सर्वांत वाईट. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळला की वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि कोंडलेल्या जागेत साचतो. हवेत २ टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी एक ठिणगी पुरते. आणि मुलांना खाली उतरायला रस्ता तोच जिना!

सिलिंडर इमारतीबाहेर, सावलीत, जाळीचं दार असलेल्या कुलूपबंद जागेत, उभेच ठेवावेत. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव बाहेर येऊ शकतो, आणि १ लिटर द्रवाचा साधारण २५० लिटर वायू होतो. जवळ गटाराचं तोंड नको. रिकाम्यांनाही सेफ्टी कॅप लावा, त्यांत थोडा गॅस उरतोच.

आता हिशेब. २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांनुसार परवान्याशिवाय १०० किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो. १९ किलोचे पाच म्हणजे ९५. सहावा आला की ११४. "चार दिवसांचाच तर प्रश्न आहे" म्हटल्यानं वजन कमी होत नाही. त्यापेक्षा एजन्सीला आठवड्यातून दोनदा गाडी पाठवायला सांगा.

सहेरीच्या अंधारात वास आला तर दिवा लावू नका, चालू असलेला पंखाही बंद करू नका. मुलं आधी बाहेर. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या. १९०६ वर फोन करायचा, तोही अंगणात येऊनच.